बऱ्या दिवसांतल्या गोळ्या

ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या गावात आव पडणं म्हणजे सर्दी होण्यासारखंच होतं. त्यामुळे बाबांना पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा कोणी दचकलं नाही. आईनं कुड्याच्या सालीचा काढा दिला आणि गावदेवीला कोंबडा बोलली. दीडेक महिन्यानं उतार पडला, कोंबडा कापला, बाबा मिठागरावर परतले.

आठ महिन्यांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. मिठागरावर आडोसा कुठला असणार? दिवसातून दहा-पंधरा वेळा टमरेल घेऊन बांधामागं पळणाऱ्या माणसाला बाकीचे हसायचे. बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. मला मात्र संताप यायचा.

घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून मीच त्यांना ठाण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. ही आव नव्हे, आतड्याला आतून जखमा आहेत, असं त्यांनी सांगितलं. हा आजार जातो आणि परत येतो, परत येताना कधी जास्तही पसरतो. असे रोगी गावोगाव असतील, पण सगळे आवेच्या नावावर खपून जातात. निघताना मला म्हणाले, "बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत."

दोन महिन्यांत गुण आला आणि आईनं या खेपेला बोललेला नवस फेडायला काढला. आमच्यात नवस फेडला की दुखणं देवीच्या पायाशी ठेवलं. त्यानंतर औषध घेणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. आईनं गोळ्यांची बाटली मागितली. डॉक्टरांचे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण बाबा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरे झालेलेच हवे होते. मी बाटली दिली.

पावसाळा सरता सरता रक्त पुन्हा सुरू झालं. या खेपेला पोट फुगलं, ताप चढला. इस्पितळात नेलं, तेव्हा गोळ्या थांबवायच्या नव्हत्या हे आईलाही कळलं, पण उशीर झाला होता. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आत बाबा गेले.

आईनं मला कधी बोल लावला नाही, मीही तिला नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मलाही तसंच रक्त पडू लागलं. तपासलं तर बाबांचाच आजार. मी माहेरी राहायला आले, गोळ्यांनी सावरले. एका सकाळी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. आई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली.

"बरा वाटतं ना तुला?"

मी हो म्हटलं.

"मंग घे," म्हणाली आणि तिनं गोळी माझ्या हातावर ठेवली.