हाज बक्रींची दाद

आयुष्यभर प्रत्येक गोष्ट रीतसर करणाऱ्या माणसाच्या पदरी शेवटी काय पडते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने उस्ताद वजीह साबूनी यांच्याकडे पाहावे. ते शिक्षण खात्यात तपासनीस होते, म्हणून 'उस्ताद', म्हणजे गुरुजी. हलबच्या, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोच्या, कुठल्याही शाळेच्या जिन्यावर त्यांची पावले वाजली की मास्तर खुर्चीतून उठत आणि पोरे श्वास रोखून बसत. घरी मात्र हाच करडा माणूस आवाजाचा चाकर होता. जमीलिया मोहल्ल्यातल्या त्यांच्या फ्लॅटमधली, रस्त्यापासून सर्वांत दूरची खोली त्यांनी केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवली होती. खिडक्यांना दुहेरी पडदे, भिंतींवर जाड गालिचे आणि दारावर, त्यांच्या पत्नीच्या म्हणजे सामियाबाईंच्या शब्दांत सांगायचे तर, न दिसणारी एक पाटी: येथे जगण्यास मनाई आहे.

त्या खोलीतली एकही वस्तू घाईने आलेली नव्हती. स्विस टर्नटेबल बैरूतहून टॅक्सीत, दोन रजयांच्या मध्ये निजवून आणले होते. सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायाने 'आत काय?' म्हणून विचारले तेव्हा वजीह, कधी नव्हे ते, 'आजारी आहे, हलवू नका,' असे बोलून गेले होते. अ‍ॅम्प्लिफायर निवडण्यासाठी त्यांनी अझीझिया भागातल्या काराबेतच्या दुकानाचे उंबरठे वर्षभर झिजवले. एकच तबकडी चार यंत्रांवर वाजवून पाहावी, घरी जावे, झोपावे, पुन्हा येऊन ऐकावे. काराबेत आर्मेनियन असल्यामुळे त्याचा धीर दांडगा होता, तरीही एकदा तो म्हणालाच, "उस्ताद, एवढ्या चौकशीत लोक मुलीचं लग्न उरकतात." वजीहना तो गौरव वाटला. सुईचा भार ते सोनाराच्या तराजूसारख्या इवल्या काट्यावर तोलत. तबकड्या गाळलेल्या पाण्याने धूत. सीडीच्या बाबतीतही तेच: एकाच मैफलीच्या तीन आवृत्त्या कपाटात, आणि तिन्हींतली कुठली खरी हे त्यांना डोळे मिटून सांगता येई.

एवढे सगळे कशासाठी? एका शब्दासाठी.

आमच्या गावात टाळ्यांना किंमत नाही. टाळ्या दमास्कसवालेही वाजवतात. इथला गवई वाट पाहतो ती जाणत्या श्रोत्याच्या छातीतून आपसूक निसटणाऱ्या 'अल्लाह!'ची. असे जाणते श्रोते आता उरले किती? त्यांतले एक, हजला जाऊन आलेले हाज बक्री. तरुणपणी रेडिओच्या वाद्यवृंदात कानून हे तंतुवाद्य वाजवणारे, आता बोटे आखडलेले, पण कान तसाच तल्लख. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर चार-पाच दर्दी वजीहकडे जमत. दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर, जिथे गाणे नेमके समोर उभे राहते तिथे ठेवलेली मधली खुर्ची हाज बक्रींची. वर्षानुवर्षे ते त्या खुर्चीत बसले, वर्षानुवर्षे त्यांनी तबकडीची संपूर्ण बाजू ऐकली, आणि ती संपल्यावर दर वेळी एकच शब्द उच्चारला: "स्वच्छ."

वजीह त्या शब्दावरही जगले असते. पण मग अनीस तब्बाख उपटला.

अनीसचे औषधांचे दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होते. सारा मोहल्ला त्याला डॉक्टर म्हणे. वजीहच्याच खोलीत, दाराजवळच्या स्टुलावर बसून तो ऐकायला शिकला. स्पीकर भिंतीपासून किती पुढे ओढावा, तबकडी कडांनी कशी धरावी, हे त्याला कुणी शिकवले? वजीहनी. आणि त्या शिष्याने गुरूला न विचारता एका दुपारी, रेफ्रिजरेटर घ्यावा तसा, आख्खा संच विकत घेऊन टाकला! एक स्पीकर कपाटावर चढवला, दुसरा माशांच्या टाकीशेजारी बसवला. गुरुवारी सगळ्यांना जेवायला बोलावले. करझचे, म्हणजे चेरीच्या रसातले, कबाब होते, कॉफी होती, दोन नारगिले हुक्के गुडगुडत होते. आणि त्या गोंगाटात, त्या वाकड्यातिकड्या मांडणीत, हाज बक्रींनी मांडीवर हात आपटून आरोळी दिली: "अल्लाह! अल्लाह, रे अनीस!"

त्या दिवसापासून गुरुवार अनीसचा झाला. कुणी ठरवले नाही, कुणी वजीहना सांगितलेही नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि कुणी आले नाही, इतकेच.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. वजीह मात्र दर गुरुवारी अनीसकडे जात. मत्सराला घरी बसवत नाही. त्याला जखम जवळून पाहावी लागते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अवघडून बसून ते एकेक दोष मोजत. कपाटावरचा स्पीकर गुणगुणतो. टाकीचा पंप ऐकू येतो. धुराने तबकड्या चिकट झाल्या आहेत. पण या साऱ्याहून भयंकर एक गोष्ट होती. एखादी ओळ लागली, की हाज बक्री मैफलीत ओरडावे तसे ओरडत, "पुन्हा!" समोर गवई असता तर त्याने ती ओळ पुन्हा घेतलीच असती, हलबच्या श्रोत्याचा तो हक्कच आहे. इथे गवई कुठला? तर अनीस, एका हातात कॉफीचा पेला तसाच धरून, दुसऱ्या हाताच्या बोटाने सुई उचले आणि थेट त्या ओळीच्या तोंडावर नेऊन टेकवी. सुई अलगद उचलणारी तरफ नाही, रेघ दाखवणारा दिवा नाही. हाज पुन्हा "अल्लाह!" म्हणत. अनीस पुन्हा सुई उचले.

"डॉक्टर," एकदा न राहवून वजीह म्हणाले, "अशानं तबकडीची चाळण होईल. तिच्या जखमा ऐकू येतात मला."

"येतात ना," अनीस हसून म्हणाला. "मलाही येतात. जिथे जास्त खरखरते तिथे गाणं जास्त चांगलं, अशी खूणच झालीय आता."

पिस्त्यांचा व्यापारी फुआद खिदळला. "उस्ताद, तुमच्या घरी तबकडी मरत नाही हे खरं. पण बाबा, जगतही नाही!"

सगळे हसले. हाज बक्रीही हसले. त्या रात्री वजीह जेवले नाहीत.

अशात काराबेतकडे बातमी आली की बैरूतचा कुणी बँकवाला देश सोडून चालला आहे आणि त्याचे उंच, अक्रोडी लाकडाचे इंग्लिश स्पीकर विकाऊ आहेत. वजीह दुकानात पोहोचले तेव्हा काराबेत डोके खाजवू लागला. "उस्ताद, डॉक्टरांनी आधी शब्द टाकलाय. परवा नेतो म्हणालेत."

वजीहनी आयुष्यात शाळांच्या दप्तरातली एक मात्राही खोटी खपवून घेतली नव्हती. त्या क्षणी त्यांच्या तोंडून वाक्य निघाले ते इतके सुबक, की त्यांचे त्यांनाच नवल वाटले: "डॉक्टरांचा विचार बदलला. मला म्हणाले, तुम्हीच घ्या."

स्पीकर घरी आले. सामियाबाई दारात उभ्या राहून हमालांकडे पाहत होत्या. "अबू लुत्फी," मुलाच्या नावाने नवऱ्याला हाक मारत त्या म्हणाल्या, "लेक मॉन्ट्रियलला गेला तेव्हा त्याच्या खोलीतून जेवढं सामान बाहेर निघालं नव्हतं, तेवढं तुम्ही आत आणलंत. हे दोघं जेवणार काय?"

"सामिया, पुढच्या गुरुवारी माझ्या बोलावण्यावरून मंडळी आपल्याकडे येणार आहेत. खुद्द हाज बक्री."

"कॉफी करू?"

"गाणं चालू असताना नको. पेले वाजतात."

"मग मी श्वास घेऊ की तोही वाजतो?"

तिला काय कळणार! मायेने आणि मापाने, टेप घेऊन, भिंतीवर खडूच्या खुणा करून वजीहनी ते स्पीकर बसवले. नवी सुई लावली. मधली खुर्ची दोऱ्याने मोजून ठेवली. आणि तबकडी काढली ती त्यांच्या संग्रहातली सर्वांत अनमोल: एका जुन्या हलबी गवयाची भरमैफलीत घेतलेली, कुणाचेही बोट न लागलेली प्रत. या वेळी 'स्वच्छ' नव्हे. या वेळी दुसरा शब्द.

गुरुवारी सारे आले. अनीसही आला, हातात मिठाईचा डबा घेऊन. आणि स्पीकर पाहताच दारातच थबकला. वजीहच्या कानशिलांवर रक्त चढले.

"हे तेच ना? काराबेतचे?" अनीस म्हणाला. "मीही शब्द टाकला होता. बरं झालं उस्ताद, तुमच्याकडे आले. माझ्याकडे ठेवायला मासे बाहेर काढावे लागले असते."

एवढेच. ना राग, ना संशय. ज्याला चोरीची झळच लागत नाही, त्याच्याकडे चोरी करून काय मिळते?

आधी सीडी लावली. ध्वनी खरोखर असा होता की गवयाच्या ओठांचे उघडणे ऐकू यावे. खोलीत चिटपाखरू हलले नाही. सीडी संपल्यावर हाज बक्रींनी मान डोलावली. "स्वच्छ. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, ती खोली अशीच होती."

फुआदने खोकल्यात हसू बुडवले. वजीह टर्नटेबलकडे वळले. त्यांनी तबकडी कडांनी धरून ठेवली, ब्रश फिरवला, तरफ दाबली. सुई अलगद उतरली.

पहिल्या ओळीला हाजांची आखडलेली बोटे गुडघ्यावर हलली. दुसरीला ते पुढे झुकले. वजीह गाणे ऐकतच नव्हते. ते त्या म्हाताऱ्या ओठांकडे पाहत होते. गवयाने तान घेतली, वळवली, खाली आणून शब्दावर ठेवली. तबकडीतल्या मैफलीत कुणीतरी कळवळून ओरडले. हाजांचे तोंड उघडले.

"पुन्हा," ते म्हणाले.

 गाणे पुढे चालले.

"वजीह, पुन्हा घे ना रे ती ओळ."

"हाज, ही बाजू होऊ द्या. मग पहिल्यापासून लावतो."

"बाजू संपेपर्यंत हाज संपतील, उस्ताद!" फुआद म्हणाला.

"आत्ता, वजीह. आत्ता हवीय."

सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. ते उठले. तरफेने सुई उचलली. ओळ कुठे सुरू होते? काळ्या चकाकीत त्यांना एकसारख्या रेघा दिसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकही गाणे मधून सुरू केले नव्हते. त्यांनी अंदाजाने दांडा सरकवला. सुई उतरली ती नको त्या ठिकाणी, वाद्यांच्या मध्येच. पुन्हा उचलली. सुई घसरली, स्पीकरांतून चर्रकन आवाज निघाला आणि फुआदने ओठ दातांत धरला. हाज बक्री खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा विझत चालला होता, आणि ते विझणे वजीहना दिसत होते.

"उस्ताद," अनीस हलकेच म्हणाला, "मी पाहू?"

नाही म्हणता आले असते. शब्द जिभेवर होता. पण हाजांचा तो चेहरा पाहून वजीह बाजूला झाले. आपल्याच यंत्रापासून, आपल्याच घरात, स्टुलावर बसणाऱ्या शिष्यासाठी बाजूला झाले.

अनीसने बोटाने सुई उचलली, क्षणभर तबकडीकडे नव्हे तर हाजांकडे पाहिले, आणि टेकवली. ओळीच्या आधीचा गवयाचा श्वास. मग तान. मग तो शब्द.

"अल्लाह!" हाज बक्रींचा आवाज फाटला. "अल्लाह! हाय, पुन्हा!"

अनीसने पुन्हा लावली. फुआद उठून उभा राहिला. सामियाबाई ओल्या हातांनी दारात आल्या. त्या अक्रोडी स्पीकरांतून तो गवई खरोखर खोलीत उतरला होता. असे अनीसच्या माशांच्या शेजारी कधीच झाले नसते, हे वजीहना पुरते ठाऊक होते. पण हाज बक्री ज्याच्याकडे पाहून अश्रू पुसत होते, तो मनुष्य वजीह नव्हता.

निघताना हाजांनी वजीहचा खांदा दाबला. "आज तुझ्या घरी गाणं झालं, वजीह. आता गुरुवार इथेच. काय स्पीकर आहेत! फक्त अनीसला त्या यंत्रापाशी बसव."

"जशी आज्ञा," वजीह म्हणाले.

सगळे गेल्यावर त्यांनी तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. एका जागी केसाएवढी रेघ होती. त्यांनी ती पुसली, गेली नाही. मग पहिल्यापासून लावून ते मधल्या खुर्चीत बसले. तानेच्या आधी, गवयाच्या श्वासाबरोबर, 'टिक्' असा बारीक आवाज झाला. यापुढे तो दर वेळी होणार होता.

सामियाबाई कॉफी घेऊन आल्या. नवऱ्याने ती नाकारली नाही, याचे त्यांना आश्चर्य वाटले. पेला खाली ठेवून वजीह उठले, दाराजवळचे स्टूल उचलले, आणि पुढच्या गुरुवारसाठी टर्नटेबलच्या उजव्या बाजूला, हात सहज पोहोचेल इतक्या अंतरावर, मोजून ठेवले.