मंगळवारी येत आहोत

कश्मिरा देवधर रागीट म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हती. जपानमधल्या ओजिमाच्या सरकारी बिल्डिंगमध्ये चुकीच्या वारी कचरा ठेवणाऱ्यालाही ती हसूनच सांगायची. पण २०१४च्या ऑगस्टात तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गेली ते बरंच झालं.

ती युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. डोंगरातल्या एका अरुंद घळीत, धरणाच्या खाली, नदी किती खोल आहे, किती वेगानं वाहते, किती तापते, तळाच्या गोट्यांत मासे अंडी घालू शकतात का, हे मोजायचं तिचं काम. भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या आणि विजेसाठी धरणातल्या थेंबाथेंबाला भाव आला. नदीत निदान किती पाणी सोडायचं, ते हिच्या अहवालावरून ठरणार होतं. तीन वर्षांत अकरा फेऱ्या झाल्या. आकडे दर वेळी छान, नदी ठणठणीत.

अकराव्या फेरीला घळीच्या तोंडाशी राहणाऱ्या मियाके आजींनी तिच्या हातावर काकडी ठेवली.

"कश्मिरा-सान, तुम्ही रोज का नाही येत? तुम्ही येणार असलात की आदल्या संध्याकाळी पाणी सोडतात. गेलात की बंद."

कश्मिराला काकडी चावेना. धरण चालवणाऱ्या वीज कंपनीच्या ऑफिसला आठवडाभर आधी मेल पाठवायचं काम तिचंच होतं. 'मंगळवारी येत आहोत. आपणांस त्रास होईल, क्षमस्व.' न कळवता कुणाच्या दारात जायचं नसतं, हे तिला इथं पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं आणि ती शहाण्या मुलीसारखी शिकली होती. म्हणजे पोलीस कधी येणार ते चोराला तीच सांगत होती!

पुढच्या बुधवारी ती न कळवता गेली. पाणी घोट्याइतकंही नव्हतं. तापमान एकतीस. थंड पाण्याशिवाय न जगणारे यामामे मासे डबक्यांत पोटं वर करून पडलेले. तिनं भर घळीत उभं राहून मराठीत शिव्या हासडल्या, कंपनीला आणि स्वतःलाही.

अहवालात तिनं ही बारावी फेरी घातली आणि अकराही मेल जोडल्या. तिचे प्रोफेसर शिमोदा सेन्सेई यांनी ती पानं काढून तिच्यासमोर ठेवली.

"न कळवता घेतलेला डेटा वापरता येत नाही, कश्मिरा-सान. आणि मेलखाली नाव तुमचंच आहे. करिअरचा विचार करा."

ते अगदी मनापासून, काळजीनं बोलत होते. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

नदीत किती पाणी सोडायचं यावर गावात सुनावणी होती, तिला ती रजा टाकून गेली. कंपनीच्या साहेबांनी नदीची तब्येत उत्तम असल्याचं सांगितल्यावर तिनं माइक मागून घेतला. अकराही मेल जपानीत वाचल्या, तारखांसकट, क्षमस्वासकट, खालच्या नावासकट. नंतर बाराव्या फेरीचे आकडे वाचले, मेलेल्या माशांसकट.

"हे मासे मी मारले," कश्मिरा म्हणाली. "माझ्या जोडीला कोण कोण होतं, ते आता त्यांनी सांगावं."

आणि उत्तर येईपर्यंत ती खाली बसली नाही.