ड्रोन यायच्या आधी पडलेला सडा

चहा ओता, बसा, आणि एक करा, हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात की माझी लिंक तुटते. मी जो घोळ घातला, तसा घोळ भूगोल शिकलेल्या माणसाने घालावा यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही अजून बसत नाही!

मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात शिकत होतो. विषय भूगोल, वर्ष शेवटचं. आमचं गाव एरंडोल तालुक्यात, कपाशीचं. घरी माझ्या विषयाबद्दल काय मत होतं म्हणता? नाना, म्हणजे माझे वडील, पारावर बसून म्हणायचे, "पृथ्वी गोल शे हाई सांगाले याले कोन पगार देई?" पार हसायचा. मीही हसायचो, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

परीक्षा झाली की मामांच्या खताच्या दुकानात बसायचं, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. दुकान चांगलं चालतं हो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला खताच्या वासाने शिंका येतात. एक पोतं उघडलं की दहा शिंका! जन्मभर शिंकत बसायचं की काय, या विचाराने माझी झोप उडाली होती.

अशात आमच्या कॉलेजात नकाशांचा मेळावा भरला. जळगावच्या एका सर्वेक्षण कंपनीतून एक मॅडम आल्या. त्यांनी पडद्यावर पृथ्वी आणली, फिरवली आणि विचारलं, "कोणाचं गाव बघायचं?" मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या बाकावरचे दचकले. पृथ्वी जवळ यायला लागली. देश, मग खान्देश, मग पद्मालयाचं रान, आणि मग, अहो, आमची विहीर! आमचं लिंबाचं झाड! आमच्या घराचे पत्रे! आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेलं टायर!

"तो डाग आहे," मॅडम म्हणाल्या.

"टायर आहे मॅडम. मीच चढवलंय!"

सगळा वर्ग हसला, पण माझे डोळे भरून आले होते, खरं सांगतो. आभाळातून कोणीतरी आमच्या घराकडे बघतंय आणि आम्हाला पत्ताच नाही! त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी काय शिकतोय.

मॅडम म्हणाल्या, "गावोगावी ड्रोनने गावठाणाचे नकाशे करायचं काम निघालंय. आम्हाला मुलं हवी आहेत, मुलीही हव्या आहेत. ज्याला यायचंय त्याने स्वतःच्या गावात एक चाचणी द्यायची. नकाशा जुळला, की परीक्षा संपल्यावर कामावर."

माझं नाव यादीत सगळ्यात वर. आता चाचणी काय असते ते नीट ऐका, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ड्रोन वरून फोटो काढतो. पण तो फोटो पृथ्वीवर नेमका कुठे ठेवायचा, हे फोटोला कसं कळणार? त्यासाठी आदल्या दिवशी गावाच्या चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक अशा मोठ्या पांढऱ्या फुल्या जमिनीवर काढायच्या. प्रत्येक फुलीवर यंत्र उभं करून तिची जागा मोजून ठेवायची. मग वरून फुल्या दिसल्या की फोटो बरोबर जागी बसतो. फुली हलली, तर गाव हललं!

मॅडमनी बजावलं होतं, "फुली पक्क्या जागी काढा. सिमेंट, दगड. रंगाने काढा. मातीवर नको." मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण त्या वेळी टेबलावर ड्रोन ठेवला होता, मॅडमनी त्याचे पंखे नुकतेच फिरवून दाखवले होते, आणि माझ्या डोक्यात ते अजून फिरत होते.

आदल्या दिवशी मी गावात कंपनीचं यंत्र घेऊन उतरलो. काय माझी ऐट! रंगाचा डबा धुळ्यालाच राहिला होता, पण त्याने काय बिघडतंय? शाळेतून कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की उचलली. जागा कुठली निवडू? गावात सगळ्यात सपाट, सगळ्यात स्वच्छ, वरून मोकळी दिसणारी जागा कुठली? अंगण! माझ्या हुशारीवर मीच खूश. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या घरांच्या अंगणात एकेक फुली काढली, यंत्राने मोजली, आणि मधली फुली आमच्याच अंगणात काढायला घेतली.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. तिचा शब्द गावात पडला की सरपंचही तो उचलतात.

"हाई काय काढं रे भाऊ दारमा? लोके म्हनतीन, कोनी उतारा टाका!"

"उतारा नही वं अक्का! सकायले वरतीन गावना फोटू निघनार शे. हाई फुली वरतीन दखाई म्हंजे गाव नकाशामा बराबर येस."

"आन नही दखाई तं?"

"तं गाव भलतीकडेच जाई पडस."

अक्काने छातीवर हात ठेवला. "आख्खं गाव?"

"आख्खं!"

खरं तर इथे मी बसून तिला नीट समजवायला हवं होतं. पण आत वांग्याचं भरीत झालं होतं, आणि खान्देशातल्या माणसापुढे भरीत असलं की त्याच्याकडून शिकवणीची अपेक्षा करू नये. मी आत गेलो. अक्का बराच वेळ फुलीकडे बघत उभी होती.

गाव उठायच्या आधी, अंधारातच मी मॅडमना घ्यायला फाट्यावर जाऊन थांबलो. त्या आल्या तेव्हा चांगलं उजाडलं होतं. गावात न शिरता आम्ही शाळेमागच्या मोकळ्या रानात गाडी लावली. मॅडमनी पेटीतून ड्रोन काढला आणि तो उडाला. तुम्ही कधी पाहिलाय उडताना? मी मान वर करून बघत राहिलो. तो आमच्या लिंबाच्या वर गेला, मारुतीच्या कळसाच्या वर गेला, घारींच्या वर गेला! हात जोडायचे तेवढे राहिले होते माझे.

"इकडे बघ," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या हातातल्या टॅबवर आमचं गाव होतं. आणि मी तुम्हाला सांगतो, मी माझं गाव ओळखलंच नाही! गल्ली न् गल्ली फुलली होती. दारादारांत पांढऱ्या फुल्या, फुल्यांच्या भोवती पाकळ्या, पाकळ्यांत हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, कुठे निळा, कुठे हिरवा. नदीच्या वळणापासून ते बसथांब्यापर्यंत सगळं गाव रंगलेलं. मॅडमनी दोन बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं.

मग विचारलं, "तू फुल्या किती काढल्यास?"

"पाच."

"आणि या?"

आम्ही दोघं गावात धावलो. अक्का वेशीतच उभी होती, हातात रांगोळीचा डबा, कोपरापर्यंत रंग, आणि चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग.

"दखाई का रे फुली? वरतीन दखाई का?"

"अक्का, हाई काय करं तुम्ही?"

"अरे, तू पाचच काढेल व्हत्या! त्या ड्रोनना डोया चुकना तं? आख्खं गाव भलतीकडे जाई ना! मी रातलेच बठ्ठ्या बायास्ले सांगं, ज्यानी त्यानी आपली फुली आपल्या दारमा काढा. कोनंबी घर मांगे ऱ्हावाले नको."

"पण मी काढेल त्या पाच फुल्या? त्या कोठे गयात?"

"त्या? त्या सडामा गयात."

सडा! शहरातल्यांसाठी सांगतो, आमच्याकडे दिवस उजाडायच्या आत बाया अंगण झाडतात, शेणाच्या पाण्याचा सडा टाकतात आणि त्यावर रांगोळी काढतात. रोज. एकही दिवस चुकत नाही. मी त्याच गावात जन्मलो, त्याच सड्यावर रांगायला शिकलो, आणि बी. ए.ला भूगोल घेऊन फुली काढली कुठे? अंगणात! मातीवर! फक्कीने!

तरी मी आशा सोडली नाही. "पण नव्या फुल्या जुन्याच जागी काढ्यात ना, अक्का?"

"जुनी जागा कसाले? तू तं अंगनना कोपराले काढेल व्हती. कोपराले कोनी रांगोयी काढस का? आम्ही बराबर दारना समोर काढी!"

मॅडम फारच शांत बाई. त्यांनी पारावर लॅपटॉप उघडला, म्हणाल्या, बघू तरी काय होतंय. माझी मोजलेली जागा आणि अक्काची सरकलेली फुली, अशी जोडी लावून त्यांनी गाव नकाशावर बसवलं. तोवर पारावर गर्दी जमली होती. नानाही होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाव जरा तिरकं झालं, सरकलं, आणि मारुतीचं देऊळ नदीत गेलं. आमचं घर पाटलांच्या कपाशीत जाऊन बसलं.

"मारोतीले पानीमा टाकं यानी!" नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता अचंबा होता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. चारचौघांसमोर त्यांच्या पोराची चाचणी बुडाली होती, देवासकट. मला तिथे बसल्या बसल्या खताचा वास यायला लागला.

"झालं मॅडम," मी म्हटलं. "माझी चूक आहे. तुम्ही सांगितलं होतं." आणखी काही बोललो असतो तर रडलो असतो.

मॅडमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. अक्काने त्यांच्या हातातून टॅब घेतला होता. गावातल्या बाया तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. कोणी म्हणे, ही माझी. कोणी म्हणे, ती बघ तुझी, पाकळी वाकडी झाली. अक्काने बोट लावून आमचं दार शोधलं. मग तिचं बोट गल्लीतून सरकत सरकत नदीपर्यंत गेलं आणि थांबलं.

"जलमभर रांगोयी काढी," ती हळूच म्हणाली, "पन वरतीन कव्हय दखी नही. देवले आमनं गाव आसं दखास का वं?"

माझ्या अंगावर काटा आला. नोकरी गेली होती, तरी आला! एवढं सुंदर माझं गाव, आणि मी ते आजवर खालूनच बघत होतो.

मॅडमनी अक्काला विचारलं, "एका रात्रीत सगळ्या गावाला सांगितलंत तुम्ही?"

"त्यामा काय शे? पोऱ्यानी नोकरी शे ना."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दुसऱ्या गावांत आम्ही एक फुली काढली तर लोक ती पायाने पुसतात. जमीन जाणार म्हणतात, गाडीपुढे उभे राहतात. इथे आख्खं गाव तुझ्यासाठी राबलंय. बॅटरी अजून एक आहे. वारा सुटायच्या आत पुन्हा फुल्या काढ. या वेळी?"

"सिमेंटवर मॅडम! रंगाने!"

रंग मारुतीच्या देवळातून मिळाला. देवळाचा ओटा, पाण्याच्या टाकीचा चौथरा, शाळेची पायरी, बसथांबा, पंचायतीचा ओटा. मी फुली काढत पुढे, यंत्र लावत पुढे, आणि माझ्यामागे अक्काची फौज. प्रत्येक फुलीभोवती बाया हात पसरून उभ्या. कुत्रं नाही, कोंबडी नाही, नाना नाहीत, कोणाला फिरकू दिलं नाही! नाना नुसते बघायला पुढे आले तर अक्काने त्यांना "भाऊ, मांगे व्हय" म्हणून हाकललं.

दुसऱ्यांदा ड्रोन उडाला. पारावर बसून मॅडमनी गाव पुन्हा नकाशावर ठेवलं. मी डोळे मिटून घेतले होते. डोळे उघडले तेव्हा मारुती कोरडे होते, आमचं घर जागेवर होतं, आणि नाना सगळ्यांना बोट दाखवून सांगत होते की हा नकाशा त्यांच्या पोऱ्याने केलाय.

मला नोकरी मिळाली. पण मॅडमनी एक अट घातली. जळगावच्या ऑफिसात पाचोऱ्याची, चोपड्याची, शिरपूरची नवी मुलं शिकायला येतात, त्यांना फुली कशी काढायची हे मी शिकवायचं. आणि सुरुवात करायची ती त्या पहिल्या फोटोने.

परवा अशीच नवी तुकडी आली होती. पडद्यावर रंगलेलं गाव आलं आणि सगळे "वाऽऽ" म्हणाले. मीही दरवेळी म्हणतो, अजून सवय होत नाही. मग मी सगळी हकीकत सांगितली, नाव मात्र सांगितलं नाही. सडा, फक्की, मारुती नदीत. पोरं पोट धरून हसली. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "सर, पण एवढा बावळट होता तरी कोण?"

"ते महत्त्वाचं नाही," मी म्हणालो, आणि घाईघाईने पुढची स्लाइड लावली.

आमच्या कंपनीचा नियम आहे, प्रत्येक फुलीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून पाठवायचा. चाचणीच्या आदल्या दिवशी मीही पाठवला होता, तो मॅडमनी तेव्हा उघडला नव्हता; आता मात्र मला न सांगता पुढच्या स्लाइडवर टाकला होता. अंगण, ताजी पांढरी फुली, आणि तिच्याशेजारी फक्कीची पिशवी घेऊन, अंगठा वर करून, बत्तीशी दाखवत उभा असलेला मी!