गुरुजींची कादंबरी पुढं सरकंना

गावातून माणूस गेला की दोन गोष्टी मागं राहतात. दाराला कुलूप आणि आमच्याकडं किस्सा. कुलूप गंजून जातं, किस्सा मात्र दर साली थोडा थोडा वाढतो. आता आमच्या गावात कुलपं लई झालीत. म्हणजे किस्से किती झाले असतील ते तुमीच बघा!

आमचं गाव अणदूरच्या पुढं, हायवे सोडून आत वळलं की. मी धनगर. शाळा चौथीपर्यंत, पुढची सगळी शाळा मेंढरांमागं. तोंडावर मला बिरूआण्णा म्हणतात, एकटे गुरुजी तेवढे बिरबा. पाठीमागं काय म्हणतात ते छापण्यासारखं न्हाय.

आमचा अड्डा म्हणजे गावचं वाचनालय. एक खोली, तीन कपाटं, एक सतरंजी. ग्रंथपाल मल्लिनाथ. हा मराठीत बोलतो आणि कन्नडमदी चिडतो. दाराजवळ कमळामावशी, सुपात शेंगा घेऊन फोडत बसलेली. आणि खुर्चीवर गुरुजी. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात खडू अजून सापडंल! रोज दुपारी तीन ते पाच गुरुजी मोठ्यानं वाचणार, आमी ऐकणार. मला हेच बरं पडतं. "बारीक टाइप दिसत न्हाय" एवढं म्हणलं की चौथी झाकून जाते.

मागल्या साली गुरुजींच्या मंडळी, आमच्या काकू, वारल्या. तवापासून गुरुजी एकटे. हातानं भात लावतात, दोनदा कुकर करपवला. पुण्याच्या पोराला, अविनाशला, घोर लागला. दिवाळीला आला तेव्हा म्हणला, "आप्पा, चला आता माझ्याकडं. खोली तयार हाय." वर एक नवीकोरी कादंबरीही आणली होती, गाव सोडून जाणाऱ्या माणसांवरची.

गुरुजींनी पुस्तक मागून-पुढून बघितलं आणि म्हणाले, "एवढी ह्यांना वाचून दाखवतो. संपली की येतो."

गुरुजी शब्दाचे पक्के. तीनशे पानांचं पुस्तक. रोज वीस पानं वाचली तर पंधरा दिवसांत गुरुजी पुण्यात, आणि ही खुर्ची रिकामी!

मी मल्लिनाथकडं बघितलं, मल्लिनाथनं कमळामावशीकडं.  ठरायचं ते तिथंच ठरलं.

*

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चष्मा लावला. "प्रकरण पहिलं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि भूमीनं माधवला नाकारलं."

"थांबा गुरुजी," म्या म्हणलं. "भूमी कशी नाकारंल? सातबारा कुणाच्या नावावर हाय ते बघा आधी!"

"बिरबा, ही कादंबरी आहे. तलाठ्याचं ऑफिस नाही."

"ते व्हय. पण माणूस काय नुसता पावसानं जातो का? आपला बसवण्णा पावसानं गेला का?"

गुरुजींची एक सवय हाय. कुणी अडवलं तर रागवत न्हाईत. पानात बोट घालतात, पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "सांग." जन्मभर पोरांचं ऐकलेला माणूस! आमी नेमकं तेच हेरलं होतं.

बसवण्णा आणि सिद्रामप्पा सख्खे भाऊ. दोघांच्या बांधावर एक चिंच. चिंचा पडायच्या सिद्रामप्पाच्या रानात आणि सावली पडायची बसवण्णाच्या पिकावर. "गोडी तुला आणि अंधार मला व्हय रं?" असं म्हणत बसवण्णा दहा वर्षं भांडला. मग एका सकाळी बायकापोरं घेऊन हैदराबादला निघाला. फाट्यावर एसटीत चढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "ती चिंच उभी हाय तवर ह्या गावाचं तोंड बघणार न्हाय!"

वीस वर्षं आला न्हाय.

मागं रस्ता रुंद झाला, त्यात चिंच गेली. म्या तिथनंच फोन लावला. "बसवण्णा, चिंच पडली! ये आता!"

  पलीकडनं बारीक आवाजात म्हणतो, "पडली? मग आता येऊन भांडू कशावर?"

गुरुजी डोळे पुसत हसले. घड्याळात पाच झाले. पहिल्या दिवशी कादंबरीचं एकच वाक्य झालं. मल्लिनाथनं मला चहा पाजला. ग्रंथपालानं चहा पाजायची ही पहिलीच खेप!

*

दोन-चार दिवसांनी कादंबरीतला माधव एका जागी विचार करत बसला, की 'स्थलांतर' का होतं. तीन पानं झाली तरी उठंना.

"तीन पानं कशाला लागतात?" कमळामावशी शेंगा फोडता फोडता म्हणली. "मला तर त्या पोरीनं एकाच ओळीत विचारलं होतं."

गुरुजींचं बोट पानात गेलं. "सांग."

कमळामावशी वीस हंगाम उसाला गेलेली बाई. दसरा झाला की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर, परत यायची ते ऊन तापल्यावर. एकदा शहरातली कॉलेजची पोरगी फॉर्म घेऊन आली. लई गोड पोर. खाली बसली, पेन उघडलं. "मावशी, तुमच्या स्थलांतराचं प्रमुख कारण काय?"

मावशी म्हणली, "सासू."

पोरगी फॉर्म खालीवर करायला लागली. "मावशी, दुष्काळ आहे, जमीन नसणं आहे, बेरोजगारी आहे... सासू असा पर्यायच नाहीये."

"मग शेवटी काय हाय?"

"इतर."

"त्यात टाक. पण बाळा, खाली बारीक लिहून ठेव, की ही इतर न्हाय, हीच मेन होती!"

आमी हसलो. मावशी हसली न्हाय. सुपातली एक शेंग फोडून म्हणली, "हसू नका. पाचटाच्या झोपडीत, त्या कोपीत, पाठ मोडायची, ते खरं. पण चूल माझी होती. दोघांपुरत्या भाकरी करायच्या आणि त्यात कुणी खोडी काढायची न्हाय. सहा महिने मी मालकीण होते."

गुरुजींनी त्या दिवशी पुस्तक परत उघडलंच न्हाय.

*

माधवला पोरगी देईना कुणी, म्हणून तो शहरात गेला, असं एक प्रकरण होतं. हे मात्र आमाला पटलं. हल्ली गावात राहणाऱ्या पोराला पोरगी मिळणं म्हणजे लॉटरी. पोरगा पुण्यात पायजे. मग तो तिथं काय का करंना!

पण आमच्या दत्तूचं लेखकाला ठाऊक न्हाय. दत्तूची सतरा ठिकाणं मोडली. अठरावं ठिकाण माकणीचं. तिथला पाव्हणा म्हणला, "पोरगा पुण्यात असंल तर बोलू." दत्तूनं आठ दिवसांत पुण्यात कंपनीत काम धरलं आणि लग्न झालं.

नवरी पुण्यात गेली. एक खोली, खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत, पाणी टँकरचं. पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "अहो, गावाकडं आपल्या म्हशी किती?"

"चार."

"मग मी हितं काय करते?"

पिशवी उचलली आणि सासूकडं आली! आता सासूसुना मिळून अकरा म्हशी झाल्यात. दत्तू मात्र पुण्यातच. सुट्टीवर आला की बायकोला म्हणतो, "मीबी येतो की गं गावाकडं." तर सासरा तिथनं फोनवर, "न्हाय जावईबापू! बोलीत पुणं ठरलंय. तुमचं ठरलंय, आमच्या पोरीचं न्हाय!"

*

एक दिवस गुरुजींनी वाचता वाचता आपणच बोट घातलं. कुणी अडवलं नव्हतं.

"बिरबा, तू गेला होतास की पोराकडं पुण्याला. चारच दिवसांत का आलास?"

म्या म्हणलं, "सांगतो. पण हा माझ्यावरचा किस्सा हाय, कमी हसा."

पोराचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. सकाळी पोरगा आणि सून कामाला, नातू शाळेला. मी आणि टीव्ही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवंना. बाल्कनीत गेलो, दोन बोटं तोंडात घातली आणि मेंढरं वळवायची शीळ घातली. वर आरोळी दिली, "हुर्रर्र हो हो हो!"

समोरच्या बिल्डिंगच्या चार खिडक्या फटाफट बंद झाल्या. पण खाली पार्किंगमदी तीन वॉचमन होते, तिघांनी एकदम वर बघितलं. एकानं टोपी काढून हाक मारली, "ओ आबा! कळप कुठं उतरलाय?"

सोनारीचा निघाला! दुसरा भूमचा, तिसरा कळंबचा. मी लिफ्टनं खाली. संध्याकाळपर्यंत गाड्या धुणारा, इस्त्रीवाला, भाजीची गाडी लावणारी बाई, सगळी आपल्याकडची मंडळी तिथं गोळा झाली. पोरगा कामावरनं आला आणि गेटातच थांबला. म्हणतो, "आण्णा, सहा वर्षं झाली मला. शेजारच्या दाराचं नाव ठाऊक न्हाय. तुमी एका शिट्टीत जिल्हा गोळा केला!"

मल्लिनाथ खो खो हसला. गुरुजी हसले न्हाईत. "मग राहायचं की. सगळे होतेच."

"होते गुरुजी. पण ते खाली. माझी खोली वर."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. तसा तो स्वच्छच होता.

*

पुढं एक प्रकरण आलं, 'गाव ओस पडलं'. लेखकानं लई हळहळून लिहिलं होतं. घुबडं काय, वटवाघळं काय.

मल्लिनाथ एकदम चिडला. आधी कन्नडमदी काय ते बोलून घेतलं, मग मराठीत म्हणला, "ओस कसं? रामसेवक न्हाय का?"

रामसेवक उत्तरेकडचा पोरगा. फरशी बसवायला आला आणि राहिला. आता नळ त्याचा, मोटारीची वायर त्याची, गणपतीचं मखर त्याचंच. खंडोबाच्या यात्रेला भंडारा अंगावर घेऊन आमच्यापेक्षा पिवळा होतो.

गेल्या साली आमच्या पाटलांचा धाकटा मुंबईहून मोठी गाडी घेऊन आला, बारा वर्षांनी. गावात नव्या गल्ल्या झालेल्या. स्वतःच्या घराची वाट घावंना! पारावर रामसेवक बसलेला. गाडी थांबवून पाटील विचारतो, "पाटलाचं घर कुठं आलं?"

रामसेवक उठला, गाडीत वाकून बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "कुठलं गाव, पाव्हणं?"

*

तर असं. पण किस्से किती जरी लांबवले, कादंबरी थोडी थोडी पुढं सरकतच होती. संक्रांत झाली तवा शंभरच पानं उरली. मग मला माझी जुनी विद्या काढावी लागली, पुढं गेलेलं मागं वळवायची.

गुरुजी रोज सकाळी महादेवाच्या देवळातनं येताना खिशात बेलाचं एक पान आणतात. पाच वाजले की तेच खूण म्हणून पुस्तकात ठेवतात. गुरुजी घरी गेले की मी कपाट उघडायचो आणि बेलाचं पान पंधरा-वीस पानं मागं सरकवायचो!

दुसऱ्या दिवशी गुरुजी तिथनंच वाचायचे. आमी कोरा चेहरा करून ऐकायचो. माधवची आई मरायचं पान नेमकं त्यातच होतं. कमळामावशी दुसऱ्या खेपेला पहिलीपेक्षा जास्त रडली. सांगायची गोष्ट म्हणजे माधवची आई आमच्या वाचनालयात चारदा वारली!

गुरुजींनी एकदाही ओळखलं न्हाय. मला वाटलं, वय झालं. जिवाला जरा लागलंही. एवढ्या हुशार माणसाला फसवायचं म्हणजे.

ज्वारी काढणीला आली आणि अविनाशचा फोन आला. "रविवारी गाडी घेऊन येतो. आप्पा, आता कादंबरी संपलीच असंल."

रविवारी मी जेवण टाकून अडीचलाच वाचनालयात. म्हणलं, आज एकदम पन्नास पानं मागं न्यावी. पुस्तक उघडलं. जिथं ठेवलं होतं तिथं बेलाचं पान न्हाय. खाली पडलं म्हणून सतरंजी झटकली. मग पहिलं पान उघडलं, तर तिथं होतं. प्रकरण पहिलं. पान हिरवंगार, देठ अजून ओला.

"मल्लिनाथ, हे तू केलंस?"

"नानल्ला, नानल्ला!" मल्लिनाथ घाबरून कन्नडमदी गेला. मग मराठीत आला, "म्या न्हाय आण्णा. मी तर आत्ता आलो. सकाळी किल्ली गुरुजींनी नेली होती. पेपर चाळायचा हाय म्हणाले."

म्या पुस्तक मिटलं आणि होतं तसं ठेवून दिलं.

तीनला गुरुजी आले, मागनं अविनाश. त्यानं दारातच विचारलं, "आप्पा, किती राहिली?"

गुरुजींनी सावकाश चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि त्याला बेलाचं पान दाखवलं. "हे बघ. आत्ताशी सुरू केली आहे."

"दिवाळीपासून?"

"ही मंडळी फार अडवतात रे."

अविनाशनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. कमळामावशीनं फोडलेली शेंग परत फोडली. मल्लिनाथ रजिस्टरमदी तोंड घालून बसला.

 मग अविनाशनं चपला काढल्या, गाडीची चावी खिशात टाकली आणि सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घातली. गुरुजींनी घसा साफ केला.

"प्रकरण पहिलं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि भूमीनं माधवला..."

"आप्पा, थांबा," अविनाश म्हणला. "मी गाव कशामुळं सोडलं, ते तुमी मला कधी विचारलंच न्हाय."

गुरुजींनी पानात बोट घातलं. पुस्तक मिटलं.

"सांग."