बांगड्यावर टेकवलेलं बोट

आईवडील जन्मभर जांभा दगडाच्या चिरेखाणीत राबले. सुट्टीत मीही चिरे फोडले, आणि आमच्या घरातला पहिला बी.कॉम. झालो. हात मात्र खाणीचाच राहिला.

रत्नागिरीत एका कचेरीत नवाकोरा कॉम्प्युटर आला होता, तो चालवायला माणूस हवा होता. मी अर्ज केला, सरावाला चार दिवस मिळाले. चपला बाहेर काढून आत जायचं, एवढा त्या यंत्राचा मान! पण मी बटण असं दाबून धरायचो, की पडद्यावर एकाच अक्षराची ओळच्या ओळ धावायची.

"चिरा फोडतोयस काय?" तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले. "उद्या जमलं नाही, तर दुसरा माणूस बघतो."

परतीच्या वाटेवर मासे विकणारी एक बाई रोज दिसायची. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता ती बांगड्यावर बोट टेकवायची, लगेच उचलायची. बोटाचा खड्डा लगेच भरून आला की मासा ताजा. त्या संध्याकाळी मीही एक बांगडा दाबून पाहिला.

"अरे मेल्या, पोट फोडशील त्याचं!" ती ओरडली. "बोट टेकवायचं नि उचलायचं. जास्त दाबलं म्हणून जास्त कळत नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मावशी, परत दाखव!"

"येडाच हायस," म्हणत तिनं हसून तीनदा दाखवलं. घरापर्यंत मी स्वतःच्या मांडीवर बोट टेकवत, उचलत गेलो.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर माझं नाव उमटलं, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर जास्त नाही. मावशीचं नाव मी कधी विचारलं नाही. नोकरी मला मिळाली.