पंखा बंद करणारा वार्ताहर

कुणाच्याही घरात शिरला, की अमोल आधी भिंतीवरची बटणे चाचपून पंखा बंद करायचा. नमस्कार त्यानंतर. पंख्याची घरघर माईकमध्ये शिरते, असे त्याचे म्हणणे. मयताच्या घरीही त्याने हे केलेले मी पाहिले आहे. वैशाखातली दुपार, उदबत्तीचा आणि घामाचा कोंदलेला वास, भिंतीला टेकलेल्या बायका. आणि पाती मंदावत थांबल्यावर अचानक उघडे पडलेले रडणे. त्याला ते तसेच, स्वच्छ हवे असे.

अमोल माझा विद्यार्थी. पाथर्डीच्या कॉलेजात मी मराठी शिकवत असताना तो तिसगावहून एसटीने येई. तेव्हा तो ब्लॉग लिहायचा. कापणीनंतर बाजरीच्या रानात टोचणाऱ्या धसकटांवरचा त्याचा एक परिच्छेद वाचताना माझे तळवे हुळहुळले होते. पण वाचक मोजकेच. "मॅडम, वाचायला कुनाला टाइम न्हाई. लोकांना बघायचंय," असे सांगून त्याने ब्लॉग बंद केला, तीन पायांच्या तिकाटण्यावर मोबाईल चढवला आणि बातम्यांचे चॅनेल काढले.

त्याच्या तोंडात मग दोन भाषा नांदू लागल्या. कॅमेऱ्यासमोर 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' असे गुळगुळीत, सपाट मराठी. कॅमेरा थांबताच "लई भारी बाईट घावली" अशी अस्सल तिसगावची बोली. आधी खातरजमा कर, असे मी बजावले की हसून म्हणायचा, "बातमी गरम हाय तवर वाढायची, मॅडम. इचारत बसलो तर दुसरा टाकून मोकळा व्हतो."

या घाईला पत्रकारिता म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचे, त्यावर भजी निथळायची, तेलाचा डाग अक्षरांवर पसरायचा. त्या विस्मरणात एक दया होती. मोबाईलमधली बातमी मात्र मरत नाही. कुणीही, कधीही तिला बोटाने ढोसून जागे करतो.

मी आता तिसगावातच राहते. आमच्या शेजारच्या सुमनबाईंची वैशाली नगरला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. सुटीत घरी आलेली असताना लग्नाच्या विषयावरून वडिलांशी तिचे वाजले. रागाच्या भरात फोन बंद करून ती नेवाशाला मावशीकडे निघून गेली. घाबरलेल्या वडिलांनी पोलिसांत वर्दी दिली आणि तिचा फोटो तिथून अमोलच्या हाती पडला. 'तिसगावची तरुणी बेपत्ता, प्रेमप्रकरणाचा संशय?' त्या मथळ्यातले प्रश्नचिन्ह ही त्याची सगळी सावधगिरी. सकाळी मावशीचा फोन आला, दुपारी वैशाली घरी परतली. घडले ते एवढेच.

पण तो व्हिडिओ वसतिगृहातल्या मुलींच्या मोबाईलवर पोहोचला होता. तो चॅनेलवरून काढल्याखेरीज कॉलेजात पाऊल ठेवणार नाही, असे वैशालीने भिंतीकडे तोंड करून सांगितले. सुमनबाईंना घेऊन मी अमोलच्या ऑफिसात गेले. त्याने चहा मागवला, सारे ऐकून घेतले. त्याचे डोळेही ओलावले. संध्याकाळी त्याने दुसरा व्हिडिओ टाकला. 'अखेर ती सापडली!' फोटो तोच, भोवती लाल वर्तुळ. पहिलाही जागच्या जागीच होता. वर घरी येऊन अभिमानाने म्हणतो, "काकू, समदी बदनामी पुसून टाकली बघा." तो खोटे बोलत नव्हता. बातमीने झालेल्या जखमेवर आणखी एक बातमी बांधायची, एवढाच उपचार त्याच्या धंद्याला ठाऊक आहे.

तिसऱ्या वेळी तो आईची मुलाखत घ्यायला आला. नको म्हणायला मी पुढे झाले, तर सुमनबाईंनीच मला थांबवले. पदर सावरून त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. पंखा थांबला. खोलीत नुकत्याच दळलेल्या ज्वारीच्या पिठाचा उबदार वास होता.

"काकू, आईच्या काळजाला काय वाटलं ते जनतेला सांगा."

"माझी पोर मावशीकडं गेल्ती. चोरी न्हाई केली तिनं," त्या सावकाश बोलू लागल्या. "ती आता शिकायला जायाचं न्हाई म्हनती. तिला कोन धाडनार, तुजी जनता?" मग जरा थांबून, आवाज तसूभरही न चढवता त्या म्हणाल्या, "अमोल, तुजी बहीन सुनीता सासर सोडून दोन महिनं माहेरी येऊन ऱ्हायली हुती. समद्या गल्लीला ठावं हुतं. कुनी तोंड उघडलं का रं? आमी गप ऱ्हायलो, म्हनून ती आज नांदती."

माईक धरलेला त्याचा हात खाली आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सामान आवरून तो निघून गेला, आणि मला वाटले, याच्या आतले काहीतरी हलले.

दुसऱ्या दिवशी मुलाखत चॅनेलवर आली. 'आईचा संतप्त सवाल', मागे करुण बासरी. चोरी न्हाई केली, तुजी जनता, सगळे होते. आधीच्या दोन्ही व्हिडिओंपेक्षा ही अधिक पाहिली गेली. वैशालीने वसतिगृहातली आपली वळकटी घेऊन यायला वडिलांना पाठवले.

अमोलचा फोन आला. "मॅडम, कसं वाटलं? खरं सांगा, तुमच्या मताला किंमत हाय."

मी म्हणाले, "सुनीता तेवढी नीट वगळलीस. म्हणजे वगळता येते तुला."

 मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.