शनिवारी घेतलेलं इंजिन ऑइल

दिनकरशास्त्री गेल्याची बातमी दुपारी कचेरीत फोनवरून आली. शेजाऱ्याने वेळ सांगितली, संकठा घाटाजवळच्या घरी माणसं जमल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले. शास्त्री, म्हणजे आमच्या गल्लीचे नाना, पाठशाळेत धर्मशास्त्र शिकवत. काशीतल्या मराठी घरांत श्राद्धाची तिथी अडली, सुतकाचा घोळ झाला, की लोक त्यांच्याकडे जात. प्रश्न कितीही साधा असो, नाना आधी विरुद्ध पक्ष पुरता मांडत, मग तो खोडत, मग निर्णय देत. भाजी आणायला पाठवलं तरी हीच रीत, अशी त्यांच्या पत्नी सुमतीकाकूंची तक्रार असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ती थंडी. काकूंच्या हृदयाची झडप बदलायची होती. लखनौच्या इस्पितळात सोमवारी सकाळी दाखल व्हायचं ठरलं. हा दिवस हुकला तर पुढचा कधी मिळेल, हे कोणी सांगत नव्हतं, आणि काकूंना चार पायऱ्या चढवत नव्हत्या. धुक्यामुळे रेल्वेचा भरवसा नव्हता. नानांची जुनी मोटार गल्लीबाहेर मोठ्या रस्त्यावर उभी असे. गारठ्यात तिच्यातलं साधं ऑइल घट्ट होई आणि सकाळी ती सुरूच होत नसे. सिंथेटिक ऑइल तेव्हा बाजारात नुकतं दिसू लागलं होतं. ते थंडीतही पातळ राहतं, हा एक पक्ष. जुन्या इंजिनात साचलेला मळ ते धुऊन काढतं आणि झिजलेल्या सीलमधून गळू लागतं, हा दुसरा. नाना दिवसचे दिवस हे दोन्ही पक्ष मांडत राहिले. अखेर गॅरेजमध्ये मिस्त्रीला म्हणाले, "पुराना निकाल दो. सिंथेटिक ही डालेंगे." काळं ऑइल खालच्या घमेल्यात उतरलं. मी सोबत होतो. शेजारच्या दुकानात नानांनी डबा मागितला आणि पुढे केलेला हात तसाच राहिला...

"आज वार कोणता रे?"

शनिवार होता. शनिवारी तेल विकत घेऊ नये, हे ते सगळ्या गल्लीला सांगत आले होते. दुकानदार खदखदून हसला. "पंडितजी, पूरे बनारस को दिन आप बताते हैं!" मग त्यानेच वाट काढली. हे तेल थोडंच आहे, कारखान्यातलं रसायन आहे. रविवारी दुकान बंद, हेही त्याने सांगितलं. मी म्हणालो, "नाना, मी विकत घेतो. तुम्ही फक्त वापरा."

"म्हणजे दोष तुझ्या माथी आणि गाडी माझी चालणार?" नाना म्हणाले. "आणि हे तेलच आहे. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी पळवाट शोधून दिली असती. स्वतःसाठी शोधली तर ते शास्त्र राहत नाही, सोय होते." मग ते दुकानदाराकडे वळले. "दे दो भैया. नियम तोड़ रहे हैं, और क्या."

रविवारी मोटार दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. वाटेत थोडं ऑइल गळलं. शस्त्रक्रिया झाली. शनिवारचा किस्सा दुकानदाराने गल्लीभर केला. नानांनी तो नाकारला नाही, त्याचं समर्थनही केलं नाही. कोणी चिडवलंच तर "हो, मोडला" एवढंच म्हणत.

या लेखासाठी काकूंना भेटलो. त्या म्हणाल्या, "लखनौला पोचलो. मला शस्त्रक्रियेला आत नेऊ लागले तेव्हा हे वाकून म्हणाले, 'तुझ्यासाठी मोडला असं मनात आणू नकोस. मला एकट्याला राहता आलं नसतं, म्हणून मोडला. माझा स्वार्थ.' नर्स म्हणाली, बाबूजी, ज़रा हटिए."

काकूंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. त्यांनी एकच कप केला होता.

"त्यांना नसतंच जमलं," त्या म्हणाल्या. "मला शिकावं लागतंय."